रक्त खराब नव्हतं, काकाजींच्या मानेवर गाजरगवत होतं

पंधरा दिवसांत गावच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरला, घरच्या ग्रुपवर तर मोठ्या आईनंच टाकला म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: खाज, चट्टे, लाली म्हणजे रक्त खराब, चामडी नुसतं वरचं कव्हर आहे. 21 दिवस कडुलिंबाचा रस प्या, इम्युनिटी वाढवा. मलम लावू नका, रोग आत दबतो. सोरायसिसवाल्याचं (चामडीवर पापुद्र्यांचे चट्टे उठतात तो आजार) ताट-वाटी वेगळं ठेवा.

मोठी आई, तू काळजीनंच पाठवलं, पण यातलं एकही खरं नाही.

आधी ते कव्हरचं. चामडीच्या वरच्या थरात दहातल्या नऊ पेशी केराटिनोसाइट असतात. आपल्याला वाटतं त्या विटांसारख्या रचून ठेवल्या आहेत, पण त्या जाग्या असतात, ओरखडा पडला, जंतू आला, केमिकल लागलं की त्यांना कळतं अन् त्या इंटरल्यूकिन-1, टीएनएफ असे निरोप सोडतात, मग तिथल्या रक्तनळ्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, सूज, गरमपणा त्यातूनच येतो. त्यांच्याच मधात फांद्या फुटल्यासारख्या दुसऱ्या पेशी बसतात. 1868 साली पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं त्यांचं वर्णन केलं तेव्हा त्याला त्या नसांच्या पेशी वाटल्या होत्या, त्या इम्युनिटीच्या आहेत हे लय वर्षांनी कळलं. म्हणजे इम्युनिटीचा बराच कारभार चामडीतही चालतो.

आता काकाजींचं सांगतो. निंदणाच्या दिवसांत धुऱ्यावरचं गाजरगवत हातानं उपटायचं, असं वीस-बावीस वर्षं केलं, काही झालं नाही. मग एका वर्षी पोळ्याच्या सुमारास पापण्या सुजल्या, मग मान, मग कोपराची घडी. मानेची चामडी जाड होऊन जुन्या जोड्यासारखी भेगाळली, रात्रभर करकर खाजवायचे, उशीच्या खोळीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. पण बनियनच्या आत पाठ-पोट एकदम साफ. रक्त तर सगळ्या अंगात फिरतं ना, मग जिथं वारा लागतो तिथंच का उठलं?

कारण गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते चामडीतल्या प्रोटीनला चिकटतं, त्या फांद्यावाल्या पेशी ते उचलून जवळच्या लिम्फच्या गाठींमध्ये नेतात आणि तिथं टी-पेशींना (लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ओळख पटवून देतात की हा दुश्मन. ही ओळख कधी पटेल सांगता येत नाही, कोणाला वर्षानुवर्षं लागतात, कोणाला कधीच पटत नाही, म्हणून एकाच वावरात चार बायांपैकी एकीलाच त्रास होतो. एकदा पटली की पुढच्या वेळी दोन दिवसांत टी-पेशी चामडीत उतरतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडतात, त्यावर केराटिनोसाइट पुन्हा निरोप सोडून आणखी टी-पेशी बोलावतात. हे दोघं एकमेकांना पेटवत राहतात. गवत वाळलं, चुरा होऊन उडाला, तरी तेच.

काकाजी तेव्हा असाच कडुलिंबाचा रस तीन आठवडे प्यायले आणि रोज त्याच धुऱ्यावर गेले, खांद्यावर तोच धुळीनं भरलेला दुपट्टा. शेवटी जिल्ह्याच्या गावी चामडीच्या डॉक्टरनं पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली, दोन दिवसांनी काढल्या तर गाजरगवताच्या पट्टीखाली लाल फुगवटा. रक्त साफ करायचं काम किडनी अन् लिव्हर करतात, ते दोन्ही त्यांचे ठणठणीत होते. आणि हो, लहान लेकराला कडुलिंबाचं तेल तोंडानं देऊच नका, त्यानं लेकरं गंभीर झालेली आहेत.

इम्युनिटी वाढवा म्हणता, पण इथं ती आधीच नको तिथं लढून राहिली. गाजरगवताचा त्रास जास्त असला तर डॉक्टर अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधं देतात, ती इम्युनिटी शांत करणारी असतात, रक्ताच्या तपासण्या करत करत घ्यावी लागतात.

मलमानं रोग आत जात नाही. स्टेरॉइडचं मलम हे निरोपच बंद पाडतं, म्हणून खाज थांबते. पण नायट्यावर दुकानातून स्वतःच्या मनानं असली ट्यूब आणून लावली तर पहारेकरी गप्प होतात आणि बुरशी मोकळी पसरते, आपल्याकडं हेच जास्त दिसते. म्हणून काय झालं ते आधी दाखवा, मग लावा.

सोरायसिसचं तर वाईटच वाटते. तिथंही हाच खेळ आहे, टी-पेशी इंटरल्यूकिन-17 सोडतात, केराटिनोसाइट भडकतात, महिनाभराचं वाढायचं काम चार-पाच दिवसांत उरकतात, म्हणून पापुद्रे. 2015 पासून या 17 ला अडवणारी इंजेक्शनं आली आणि बऱ्याच लोकांचे चट्टे गेले. यात जंतू नाहीच, तर लागणार काय? आमच्या गल्लीतली एक वहिनी लग्नाच्या पंगतीत स्वतःची वाटी घरून आणते, तिच्या बाजूला बसून जेवा.

काकाजी आता धुऱ्याकडं जात नाहीत. गवत फुलायच्या आधीच भाऊ फुलबाह्यांचा शर्ट अन् हातमोजे घालून मुळासकट उपटतो. दुपट्टा काकू रोज वेगळा धुते आणि घरात वाळत घालते. यंदा पोळा झाला, पापण्या सुजल्या नाहीत.