नाव तेच, आतला माल वेगळा

दर्यापूर-मूर्तिजापूरकडचं पोट्टं कपाशीच्या पैशातून ग्राफिक्स कार्ड घेते, अन् एनव्हिडिया कंपनी एकाच नावाखाली वेगवेगळे कार्ड विकून त्याले गंडवते! आरटीएक्स 3050 पाहा. 8 जीबी मेमरीच्या कार्डात 2560 कोर (हिशेब करणारे छोटे भाग), 128 बिट बस (मेमरीकडे जायचा रस्ता, जितके बिट तितका रुंद). त्याच नावाच्या 6 जीबीवाल्यात 2304 कोर, 96 बिट. नुसती मेमरीच कमी नाही, चिपही कापलेली! 6 जीबीवालं 70 वॅटवर चालते, जुन्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरले वीज देणाऱ्या डब्यावर) जमते, हे खरं. मग नाव 3040 ठेवा ना! जीटी 1030 तर त्याहून वाईट. त्याच नावात जीडीडीआर5 ही वेगवान मेमरी काढून हळू डीडीआर4 घातली, बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करायचा वेग) सेकंदाला 48 वरून 17 जीबीवर. आरटीएक्स 4060 टीआयचे 8 जीबीचे 16 करायला 2023 मध्ये बाजारात आली तेव्हा 100 डॉलर जास्त होते, बस तीच 128 बिट. अमरावतीले दुकानात पैसे मोजायच्या आधी इंटरनेटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून कोर, बस अन् मेमरीचा प्रकार तपासा, भाऊ.