डोंबलाचा मास्टरमाइंड!

ती पोस्ट मला आता चौथ्यांदा आलीय. ऑथेल्लो नाटकातला खलनायक इयागो म्हणे शेक्सपियरचा शकुनी, पहिल्याच अंकात सगळा प्लॅन रेडी, दुष्टपणाला कारण म्हणून काही नाही, ऑथेल्लो बिनडोक म्हणून फसला आणि शेवटी गप्प बसून इयागोच जिंकला. देवलांनी 1890 मध्ये झुंझारराव म्हणून हे मराठीत आणलं, त्याच्याही आधीपासून हे नाटक मराठीत आहे, कोणी वाचलंय का नुसतंच पुढे ढकलताय?

इयागोच्या प्लॅनचंच घ्या, म्हणजे सेनापती ऑथेल्लोला पटवायचं की त्याची बायको डेस्डेमोना आणि हाताखालचा अधिकारी कॅसियो यांचं जमलंय. पहिल्या अंकाच्या शेवटी हा एकटा उभा राहून स्वतःलाच विचारतो, कसं करावं बरं, बघू. दुसऱ्या अंकातही सांगतो की डोक्यात आलंय पण अजून गोंधळ आहे. आणि पुरावा म्हणून वापरलेला डेस्डेमोनाचा तो रूमाल! चोरून आण म्हणून बायकोच्या, एमिलियाच्या, शंभरदा मागे लागलेला, तरी मिळत नव्हता. मग एक दिवस ऑथेल्लोचं कपाळ दुखतं, डेस्डेमोना रूमाल बांधायला जाते, तो म्हणतो लहान पडतोय, रूमाल खाली पडतो, दोघं तसेच आत जातात आणि एमिलिया उचलते. यात याची अक्कल कुठे आली? गंमत म्हणजे 1565 च्या ज्या इटालियन गोष्टीवरून हे घेतलंय तिथे रूमाल तो स्वतः चोरतो, डेस्डेमोना त्याच्या लहान मुलीला कडेवर घेते तेव्हा. हाताची सफाई शेक्सपियरने काढून टाकली आणि योगायोग आणून ठेवला, उगाच नाही.

चौथ्या अंकात तर कहर आहे. ऑथेल्लो लपून बघतोय, तेवढ्यात कॅसियोची मैत्रीण बियांका येऊन तोच, इयागोने कॅसियोच्या खोलीत टाकलेला रूमाल त्याला परत करते आणि वर तणतणते की खोलीत सापडला म्हणतोस आणि कुणाचा ते माहीत नाही होय! म्हणजे खरी गोष्ट ऑथेल्लोच्या कानाजवळ बोलली गेली, त्याने धड ऐकली असती तर इयागोचं दुकान तिथेच बंद. शकुनीला निदान फासे टाकता येत होते, याचं दान आपोआप पडत गेलं.

दुष्टपणाला कारण नाही हे तर इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजपासून चाललंय. उलट कारणांची लाइन लागलीय. प्रमोशन कॅसियोला गेलं, वर बायकोचं ऑथेल्लोशी काहीतरी असेल असा संशय, मग कॅसियोवरही तोच. पण मला खरं वाटतं ते पाचव्या अंकातलं, की कॅसियोच्या रोजच्या जगण्यात असं काही सुंदर आहे ज्यामुळे मी कुरूप दिसतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल हे ज्याला कधीच वाटलं नाही त्याने हात वर करावा.

बिनडोक? मग कॅसियोही बिनडोक, तो नोकरी गेल्यावर सल्ला इयागोचाच घेतो, डेस्डेमोनाही संकटात त्यालाच विचारते, सगळ्यांच्या तोंडी प्रामाणिक इयागो. (ऑथेल्लोला क्लीन चिट देत नाहीये, डेस्डेमोनाचा खून त्यानेच केलाय.)

आणि शेवटची ती शांतता. एमिलिया जीव धोक्यात घालून सगळं बोलून मोकळी झालीय, याने तिला भोसकलंय, याचीच बायको, जी कधी तोंड उघडेल असं याच्या हिशोबातच नव्हतं. त्यानंतर हा म्हणतो आता मी एक शब्द बोलणार नाही. बोलायला उरलंय काय? याने वापरून घेऊन मारलेल्या रॉडरिगोच्या खिशातली पत्रं पण निघतात. आणि ज्याची पोस्ट याला हवी होती तो कॅसियो आता सायप्रसचा कारभारी, याला शिक्षा काय द्यायची ते त्याच्यावरच सोडून व्हेनिसचा दूत लोडोविको परत निघतो.