सहा कुणीच दिले नव्हते

एका नव्या व्हिडिओ गेमला एका रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं दहापैकी सात गुण दिले, एवढीच गोष्ट. आमच्या कट्ट्यावरचा पक्या मात्र तीन दिवस झाले, त्या सातवरून पेटलेला आहे. काल रात्री आम्ही कट्ट्यावर टेकतोय न टेकतोय तोच त्यानं मोबाइल नाकासमोर धरला.

"हे बघा. बाकी सगळ्यांनी नऊ, साडेनऊ दिलेत. आणि हा एकटाच दीडशहाणा, सात! सरासरी खाली आणली ना त्यानं."

"तुझी?" रेवानं विचारलं.

"गेमची!"

"मग रडतोयस तू का?"

पक्याची रिव्ह्यू वाचायची पद्धत ठरलेली आहे. पान उघडायचं, अंगठ्यानं भर्रकन तळ गाठायचा, आकडा बघायचा, बंद. आकडा मनासारखा असेल तर रिव्ह्यू लिहिणारा जाणकार. नसेल तर पैसे खाल्लेला. मधे दोन हजार शब्द असतात, ते त्याच्या दृष्टीनं आकड्यापर्यंत पोचायचा जिना.

"त्यानं काय लिहिलंय ते तरी वाचलंस का?" मी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? सात लिहिलंय."

"सात म्हणजे वाईट का रे?" दादानं शांतपणे विचारलं. दादा आमच्यात सगळ्यात मोठा, कॅसेटवरून गेम लोड व्हायचे त्या काळापासून खेळतोय.

"दादा, सात म्हणजे कचरा. सगळ्या जगाला माहीत आहे."

इथे रेवा सरसावून बसली. "जगाला नाही, मेटाक्रिटिकला. सगळ्यांच्या रिव्ह्यूंची शंभरपैकी सरासरी काढते ना, ती साइट. तिथे सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग, म्हणजे चांगला. गेमला हिरवा हवा असेल तर ७५ लागतात. तेच ७० गुण सिनेमाला पडले तर चांगला, गेमला पडले तर पिवळा, म्हणजे बेताचा. एकाच साइटवर. पाचाच्या खालची अर्धी पट्टी तुम्ही लोकांनी वापरातूनच काढून टाकलीत आणि मग म्हणता सात म्हणजे कचरा."

"मी काढली?"

"तू आणि तुझ्यासारख्यांनी. कुणी सात दिले की त्याच्या घरच्यांचा उद्धार करायला धावता, मग पुढच्या वेळी तो बिचारा आठ देऊन मोकळा होतो."

रेवाला हे बोलायचा अधिकार आहे. तिनं दोन वर्षं एका साइटसाठी रिव्ह्यू लिहिले. कुठल्या ते सोडा. तेव्हाचा एक किस्सा तिनं काल पहिल्यांदाच पूर्ण सांगितला. मंगळवारी रात्री कोड, म्हणजे रिव्ह्यूसाठी गेम उघडायची किल्ली, हातात आला. एम्बार्गो, म्हणजे रिव्ह्यू छापायची बंदी, सोमवारी संध्याकाळी उठणार. गेम पन्नास तासांचा. म्हणजे झोप सोडून रोज आठ-नऊ तास खेळायचं आणि वर लिहायचंही. उजव्या हाताला वही, प्रत्येक तासाला दोन ओळी. अडतिसाव्या तासाला एका पात्रानं दार उघडून द्यायचं होतं. ते दाराकडे तोंड करून नुसतं उभं राहिलं. ढकललं, बोललं, बाहेर जाऊन परत आलं, ते ढिम्म. वीस मिनिटं ती त्याच्याभोवती फिरत होती. शेवटी चार तास मागचं सेव्ह, म्हणजे तिथवर साठवून ठेवलेला खेळ, उघडावं लागलं.

"हे सगळं लिहिलं मी. कथा छान आहे तेही लिहिलं, शेवटच्या तासाला डोळ्यांत पाणी आलं तेही लिहिलं. खाली सात दिले. संपादकाचा फोन. म्हणे, मजकूर उत्तम आहे, एक शब्द बदलू नकोस, फक्त साताचे आठ कर. का? तर बाकीचे आठ देणार आहेत, आपण उगाच वेगळे दिसू."

"मग केलेस?"

"नाही केले. सातच छापले. पुढच्या गेमचा कोड मात्र माझ्याकडे आला नाही, दुसऱ्याकडे गेला."

कुणी काही बोललं नाही. मग दादानं जेफ गर्स्टमन या रिव्ह्यू लिहिणाऱ्याची आठवण काढली. २००७, गेमस्पॉट ही साइट. त्यानं 'केन अँड लिंच'ला सहा दिले, साइटभर त्याच गेमच्या जाहिराती लावलेल्या, आणि त्याची नोकरी गेली. आतली गोष्ट त्याला २०१२ मध्ये उघडपणे सांगता आली: जाहिरातदाराच्या दबावापुढे वरचे लोक वाकले. चार वर्षांहून जास्त काळ त्या माणसाला गप्प बसावं लागलं. हे आठवलं की मला आजही राग येतो. आणि लोक काय म्हणतात, तर कमी गुण देणारा विकला गेलेला! अरे, विकला गेलेला माणूस कमी गुण कशाला देईल?

"बरं, मग टाका ना काढून आकडे," पक्या फणकारला. "नुसते निबंध लिहा."

"युरोगेमर या साइटनं काढले होते की, २०१५ ला," दादा म्हणाला. "२०२३ ला आकड्यांऐवजी तारे लावून गुण परत आणले."

"बघ! बघ!" पक्या उठूनच उभा राहिला.

"बस खाली. माझं भांडण आकड्याशी नाहीच आहे," रेवा म्हणाली. "एका माणसानं गेम खेळून खाली सात लिहिले, तर ते त्याचे सात. ते मी समजू शकते, त्याच्याशी भांडू शकते. माझं भांडण सरासरीशी आहे. 'डेडली प्रिमोनिशन' आठवतोय? २०१०. आयजीएन या साइटनं दहापैकी दोन दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या साइटनं दहापैकी दहा. दोघांनी तोच गेम खेळला. एकाला तो बघवेना, दुसरा त्याच्या प्रेमात पडला. आता तुझी सरासरी काढ."

"सहा."

"सहा कुणी दिले?"

पक्या गप्प.

"कुणीच दिले नव्हते. त्या गेमबद्दल तसं कुणालाच वाटलं नव्हतं. दोन माणसांनी दोन खरी मतं दिली आणि तू त्यातून एक खोटं मत तयार केलंस. वर मेटाक्रिटिक कुणाच्या मताला किती वजन देतं, तेही सांगत नाही."

मला विचाराल तर कालच्या सगळ्या रात्रीत यापेक्षा नेमकं कुणी काही बोललं नाही. दादानं त्याला जोडून 'फामित्सू'चं सांगितलं. त्या जपानी मासिकात चौघं जण प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, एकूण चाळीस. बेरीज व्हायचीच, पण चौघांचे चार आकडे शेजारी शेजारी छापलेले. कुणाची आवड आपल्याशी जुळते हे वाचणाऱ्याला कळत जायचं. आवडीचा माणूस हेरून ठेवायचा आणि त्याचं वाचत राहायचं, मी स्वतः तेच करतो. मला ज्याचं पटतं त्याच्या सातवर मी गेम घेतलेत आणि पस्तावलेलो नाही.

"पण सरासरीनं कुणाचं नुकसान तर होत नाही ना?" पक्या.

हे त्यानं माझ्यासमोर बोलायला नको होतं. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा माझा जीव आहे. ऑब्सिडियन या कंपनीनं तो २०१० मध्ये केला. करारात रॉयल्टी नाही, ठरलेली रक्कम, आणि मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस. मिळाले ८४. एका गुणानं बोनस गेला, हे ऑब्सिडियनच्याच ख्रिस ॲव्हेलोननं २०१२ मध्ये सांगितलं. गेममध्ये बग होते हे मी नाकारत नाही. डोक्यात गोळी लागलेल्या तुम्हाला डॉक्टर शुद्धीवर आणतो, तिथून गेम सुरू होतो. पहिल्याच दिवशीच्या एका व्हिडिओत तो डॉक्टर आपुलकीनं विचारपूस करतोय आणि त्याचं मुंडकं मानेवर गोल गोल फिरतंय. सेव्ह बिघडायच्या त्या वेगळ्याच. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी ते लिहिलं, लिहायलाच हवं होतं. पण त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपला आकडा कुणाच्या बोनसच्या खात्यात जाऊन पडतोय. रिव्ह्यू खेळणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. त्याचा पगारपत्रक म्हणून वापर करणाऱ्यांचं मला कधीच पटणार नाही.

"आणि 'सायबरपंक'?" पक्या माघार घेणारा नव्हे. "तिथे तुमचे रिव्ह्यूवाले काय करत होते? नऊ-नऊ वाटले! मी प्लेस्टेशन चारवर घेतला. रस्त्यात गाड्या आभाळातून पडत होत्या."

"बरोबर आहे," रेवा म्हणाली. "आधी त्यांना फक्त पीसीची प्रत दिली होती. स्वतः रेकॉर्ड केलेलं दाखवायलाही बंदी होती. पण तेही ज्यांनी लिहिलं ते मजकुरात लिहिलं होतं, पक्या. 'मी पीसीवर खेळलो, कन्सोलचं माहीत नाही.' आकड्यात हे वाक्य मावत नाही. तू आकडा बघून कन्सोलवर घेतलास."

गेम आला त्याच महिन्यात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. पक्याला पैसे परत मिळाले, पण तो घाव अजून ओला आहे.

न्यायानं सांगायचं तर पक्याचा एक मुद्दा बिनतोड होता. 'हेलडायव्हर्स २'. मे २०२४ मध्ये सोनीनं पीसीवर खेळणाऱ्यांना आपलं प्लेस्टेशनचं खातं जोडायची सक्ती केली तेव्हा स्टीम या पीसी गेमच्या दुकानावर दोन लाखांहून जास्त लोकांनी अंगठा खाली केला आणि काही दिवसांत सक्ती मागे घ्यावी लागली. "हे तुझ्या कुठल्या निबंधानं झालं असतं?" त्यानं विचारलं, आणि रेवानं मान्य केलं की नसतं झालं.

"पण तो मोर्चा होता, रिव्ह्यू नव्हता," ती पुढे म्हणाली. "मोर्चा काढायचा तर काढावा. 'लास्ट ऑफ अस २'ला तू काय केलंस ते मात्र सांग सगळ्यांना."

पक्या मोबाइलमध्ये बघायला लागला.

"सांग ना."

"शून्य दिलं होतं."

"कधी?"

"आला त्याच दिवशी. संध्याकाळी."

"पंचवीस तासांचा गेम," दादा हळूच म्हणाला.

"अरे, ह्याच्यासारख्यांमुळेच मेटाक्रिटिकनं ३६ तासांचं कुलूप घातलं. गेम आल्यावर तेवढा वेळ जाईपर्यंत लोकांना गुण देताच येईनात," मी म्हणालो.

"तेव्हा मी रागात होतो!"

"आणि माझं ब्याण्णव तासांचं सेव्ह पुसलंस तेव्हा?" रेवानं विचारलं.

झालं. तीन वर्षांपूर्वीचं ते सेव्ह निघालं की रात्र संपते. पक्या तिच्याकडे 'फक्त दहा मिनिटं' खेळायला बसला होता, नवा गेम सुरू केला, आणि समोर आलेल्या पहिल्याच रकान्यावर सेव्ह करून टाकला. ती शेवटच्या लढाईच्या दारात उभी होती.

"मी माफी मागितली होती," पक्या म्हणाला.

"'सॉरी यार' असा मेसेज केला होतास. त्याला मी दहापैकी दोन दिले होते."

"मी दहा दिले होते," दादा म्हणाला. "याच्या तोंडून सॉरी ऐकायला मिळालं हेच खूप."

पक्यानं बोटांवर हिशेब केला. "दोन आणि दहा. म्हणजे सरासरी सहा." मग आमच्याकडे बघत अगदी मनापासून विचारलं, "सहा म्हणजे हिनं मला माफ केलंय की नाही?"

रेवाला उत्तर द्यायचं होतं, पण हसता हसता तिला ठसका लागला. दादा तिची पाठ थोपटत होता आणि पक्या ओरडत होता, "अरे, सांगा ना कुणीतरी!"