‘एकदा घेतलं की माणूस संपला’ हे विज्ञान सांगत नाही

व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागलेला तो मजकूर बहुतेकांनी वाचला असेल. क्रॅक (धूर ओढायचं कोकेन) किंवा मेथ (मेथॲम्फेटामिन हे तीव्र उत्तेजक) एकदा ओढलं की मेंदू कायमचा कामातून जातो, प्रयोगशाळेतले उंदीर नशेसाठी मरेपर्यंत कळ दाबत राहतात, व्यसनी माणसाला निवड करताच येत नाही; तेव्हा समजूत घालत बसू नका, तुरुंगात टाका.

उंदरांची गोष्ट निम्मी खरी आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवं तेवढं कोकेन मिळणारे ९० टक्के उंदीर महिनाभरात मेले. पण एकटा उंदीर, अन्नपाणी आणि कळ, एवढंच त्या पिंजऱ्यातलं जग होतं. २००७ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमध्ये उंदरांना कोकेन आणि सॅकरिनचं गोड पाणी यांतून एक निवडायला लावलं, तेव्हा ९४ टक्के उंदीर गोड पाण्याकडे वळले. हा भाग मजकुरात कधीच नसतो.

आता माणसांकडे येऊ. कोलंबिया विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ कार्ल हार्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये क्रॅकच्या व्यसनींना काही आठवडे रुग्णालयात ठेवलं. रोज सकाळी नर्स पाइपमध्ये क्रॅक भरून पेटवून देई. मात्रा रोज वेगळी असे आणि ती दिसू नये म्हणून ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असे. मग दिवसभरात वेळोवेळी विचारणा होई: तेवढंच क्रॅक पुन्हा हवं की पाच डॉलर? पैसे हातात पडणार होते ते रुग्णालयातून बाहेर पडताना. मात्रा मोठी असली की बहुतेक जण क्रॅक घेत, लहान असली की पुष्कळदा पैसे. पुढे रक्कम वीस डॉलर केली, तेव्हा सगळ्यांनी पैसेच घेतले. निवड करता न येणारा माणूस असा हिशेब करेल का? हार्ट यांची सगळी मतं मला पटत नाहीत आणि हे प्रयोग मोजक्याच लोकांवर झाले, हेही खरं. तरी ‘निवड करताच येत नाही’ हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही.

‘एकदा’ या दाव्याला १९९४ सालचं अमेरिकेतलं विश्लेषण पुरेसं आहे. कधीतरी कोकेन घेतलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के त्याच्या आहारी गेले, तंबाखूच्या बाबतीत ३२ टक्के. सहांतला एक म्हणजे थोडे नव्हेत, धोका खराच आहे. पण तंबाखूची पुडी खिशात घेऊन हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी दुसरा आकडाही वाचावा.

‘कायमचा’ हेही सरसकट खरं नाही. व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं ठामपणे मांडणाऱ्या अमेरिकी संशोधक नोरा व्होल्काव यांनीच २००१ मध्ये दाखवलं, की मेथपासून दीर्घकाळ दूर राहिलेल्यांच्या मेंदूत डोपामिन हे संदेश पोचवणारं रसायन वाहून नेणारी, मेथमुळे घटलेली प्रथिनं बऱ्याच अंशी परत येतात. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा दिसली नव्हती.

राहिला तुरुंग. अमेरिकेने तो करून पाहिला आहे. १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षांची शिक्षा होती, तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पावडर मात्र ५०० ग्रॅम लागे. मूळ द्रव्य एकच! २०१० मध्ये हा शंभर पटींचा फरक १८ पटींवर आणावा लागला. दुसरीकडे, लघवीची तपासणी स्वच्छ आली की खरेदीचं कुपन द्यायचं, ही उपचारपद्धत कोकेनच्या व्यसनींसाठी १९९० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिचा गुण येतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.