64 अँटेना म्हणजे 64 पट रेडिएशन? काहीही काय!

मनीषनगर, त्रिमूर्तीनगरकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय, तुम्हालाही आला असेलच. म्हणे 5जीच्या एका डब्यात 64 अँटेना म्हणून रेडिएशन 64 पट, त्याचा बीम, म्हणजे लहरींचा झोत, सरळ आपल्या घरावर धरतात, त्यानेच पक्षी मरतात अन् नागपूरचं ऊन वाढलं, तेव्हा गच्चीवर टॉवर लागू देऊ नका.

64 पटचं आधी घेऊ. त्या डब्याची, म्हणजे पॅनेलची एकूण पॉवर समजा 200 वॅट आहे, ती 64 जागी वाटली की एकेकाच्या वाट्याला तीनेक वॅट येतात, बस. मग गेन, म्हणजे एका दिशेला वाढलेला जोर, कुठून येतो? तर प्रत्येक अँटेनाला सिग्नल देताना फेज, म्हणजे लहरीची वेळ, थोडी मागेपुढे करतात, त्यामुळे एका दिशेला सगळ्या लहरी जुळतात अन् बाकीकडे एकमेकींना मारतात. कूलरच्या पट्ट्या खाटेकडे वळवल्या की तिथे हवा जास्त अन् बाकी खोलीत कमी, पण मोटर वीज तेवढीच खाते ना बाप्पा! अन् हे काही नवं खूळ नाही, ब्राऊन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1905 मध्येच तीन अँटेना लावून करून दाखवलंय. आता फक्त बीम सॉफ्टवेअरने खाली-वर, डावी-उजवीकडे फिरतो.

बीम घरावर धरतात, यात अर्धं खरं आहे. बीमच्या दिशेला तीव्रता वाढतेच, 64 अँटेनांना साधारण 18 डीबी, म्हणजे एकूण पॉवर तेवढीच पण त्या एका दिशेला जवळपास 64 पट, म्हणून पॅनेलच्या तोंडासमोर काही मीटर कोणी जायचं नसतं, काम करणारी पोरंही आधी पॉवर बंद करून घेतात. समोरच्या बिल्डिंगची बाल्कनी त्याच लेव्हलला खेटून असेल तर जरूर विचारा. पण बीम एकाच घरावर रोवून ठेवलेला नसतो, ज्याचा डेटा चालू त्याच्याकडे मिलिसेकंदांच्या हिशोबाने उड्या मारतो.

पक्ष्यांची गोष्ट 2018 ची, नेदरलँड्समधल्या हेगची. पक्षी मेले तेव्हा तिथे 5जीची टेस्ट चालूच नव्हती.

ऊन? मेच्या दुपारी सूर्य एका चौरस मीटरवर हजारेक वॅट ओततो. भारताने 2012 मध्ये या फ्रिक्वेन्सीच्या टॉवरसाठी मर्यादा ठरवली ती चौरस मीटरला 1 वॅट, आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा. हिशोब तुम्हीच करा.

राहिलं टॉवर नकोचं, अन् फॉरवर्डवाला इथेच उलटा पडतो. गेन दोन्हीकडून चालतो, म्हणजे पॅनेल बोलतो तसा ऐकतोही, फोनचा बारीक आवाजही पकडतो, म्हणून फोनला कमी पॉवर लावावी लागते. टॉवर लांब गेला की तोच फोन कानाशी पूर्ण ताकदीने ओरडतो अन् गरम होतो. तरी शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या एरियातला टॉवर शोधा, फी भरून मोजणीही मागता येते.