खुलासा : भूजचे रुग्णालय भूकंपात ‘हलत नाही’ हा दावा
२६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर भूजमध्ये नव्याने बांधलेले जिल्हा रुग्णालय रबरावर उभे असल्याने ते भूकंपात जराही हलत नाही, आणि म्हणून ग्रामीण भागातील प्रत्येक रुग्णालय तसेच बांधावे, असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. त्यातील रबराची गोष्ट खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

या इमारतीखालचे आधार रबर आणि पोलादी पत्र्यांचे एकाआड एक थर देऊन केलेले असून त्यांच्या मध्यभागी शिशाचा गाभा असतो. जमीन वेगाने हादरते तेव्हा वरची इमारत सावकाश, पण चांगलीच सरकते. शिसे दबते, वाकते आणि धक्क्याची बरीचशी ऊर्जा गिळते. म्हणूनच अशा इमारतीभोवती मोकळी फट ठेवावी लागते. त्या फटीत कोणी सिमेंट भरले किंवा पायरी बांधली, तर सारी योजनाच निकामी होते, आणि ही देखभालीची बाब दुर्दैवाने कोणीच पुढे पाठवत नाही.

एकमजली ग्रामीण रुग्णालयाला बहुधा एवढ्या खर्चाची गरज नसते. भिंतींतील सलग काँक्रीटचे पट्टे आणि नीट बांधलेले कोपरे तिथे मोठे काम करतात. मात्र १९९४च्या भूकंपात कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाचा सांगाडा टिकूनही पाण्याचे नळ फुटल्याने रुग्णांना बाहेर हलवावे लागले होते. त्यामुळे पाण्याच्या टाक्या, प्राणवायूच्या नळ्या आणि जनित्र पक्के बसवणे हा पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकाचाच भाग असायला हवा.