खडू न धरलेले हात

शाळा समित्या बदलायची वेळ आली की कोकणातल्या गावगटांवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा : “कर्वे, टिळक, साने गुरुजी, ताराबाई मोडक. कोकणात शिक्षण उभं केलं ते शिक्षकांनी. खडू धरलेल्यालाच शाळा कळते. ज्यांनी कधी हातात खडू धरला नाही त्या गवंडी, खलाशी, दुकानदारांना समितीवर घेऊन काय मिळणार? तिथे शिक्षण क्षेत्रातलीच माणसं हवीत.”

“कोकणात उभं केलं.” यादीतली माणसं थोरच, पण पत्ता चुकलाय. मुरुडचे कर्वे आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक या दोघांचं शिक्षणातलं मुख्य काम पुण्यात झालं. पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, तेही खानदेशात, अमळनेरला. चौघांपैकी कोकणात ठाण मांडून शाळा चालवल्या त्या एकट्या ताराबाईंनी, आणि त्यांचा जन्म मुंबईचा.

“ते शिक्षकांनी.” कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, यात वाद नाही. पण १९१६ साली त्यांनी काढलेलं महिला विद्यापीठ भक्कम पायावर आलं ते १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले तेव्हा, आणि ठाकरसी गिरणीमालक. कर्व्यांच्याच पुण्याजवळच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी देणग्या मागत फिरल्या त्या देवरूखच्या पार्वतीबाई आठवले. त्या पैशासाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख मेसेजमध्ये कुठेच नाहीत. पेशाने आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातले सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. तरी १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोग त्यांच्याकडे होता आणि १९६२ पासून दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद. समाजबांधणीचं म्हणाल तर सर्व जातींना खुलं असलेलं रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभं राहिलं. ते बांधकामाचे कंत्राटदार.

“खडू धरलेल्यालाच शाळा कळते.” ताराबाईंचंच उदाहरण बघा. मोंटेसरी पद्धतीची त्यांच्याइतकी जाण त्या काळी फार थोड्यांना होती. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला त्यांची बालवाडी सुरू झाली, तरी आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? गुरं कोण राखणार? अडचण शिकवण्यातली नव्हती, पाड्याच्या दिनक्रमातली होती. म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, अंगणवाडी झाली. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पानं यांची साधनं करणं हे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांचं शिक्षक म्हणून कसब. मूल कुठे आणि किती वाजता सापडेल, हे मात्र पाड्याकडूनच कळणार.

“समितीवर शिक्षण क्षेत्रातलीच माणसं हवीत.” इथे मेसेज सरळ कायद्यावर आपटतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ : समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पालकाचा पेशा कोणता असावा, याबद्दल एक शब्द नाही. शाळा विकास आराखडा करायचं काम कलम २२ याच समितीला देतं. (अनुदानित शाळांत समितीची भूमिका सल्ल्यापुरती आहे, हे विसरू नये.)

त्या आराखड्यात गवंड्याचं काय काम, ते कौलारू वर्गावर चढून बघा. मे महिन्यात फुटकी कौलं बदलली तरी जूनमध्ये नेमकं त्याच जागी पाणी टपकतं. कारण बहुतेकदा खाली असतं. रीप, म्हणजे कौलं जिच्यावर बसतात ती लाकडी पट्टी, वाळवीने खाल्लेली, म्हणून कौल घसरतं आणि सांध्यात फट पडते. नवं कौल त्याच कुजक्या रिपेवर बसवलं की चार पावसांत तेही घसरणार. आराखड्यात ‘कौलं बदलणे’ एवढंच लिहिलं असेल तर रिपांचे पैसे मंजूर होत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च. शिवाय कोन्यांचा (आढ्यावरच्या कौलांचा) तडकलेला मसाला आणि पन्हळीत साचलेला पाचोळा. ही यादी मुख्याध्यापकांना सुचली नाही तर त्यांचा दोष नाही. गवंड्याला खालून बघूनच सुचते.

खलाशाचं काम त्याहून सोपं : पालकसभेची तारीख सांगणं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद. बाप घरी असतो तो तेव्हा. तीच पालकसभा सप्टेंबरात संध्याकाळी हर्णैसारख्या बंदरावर ठेवली तर बाप समुद्रात आणि आई लिलावात. मग ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. दुकानदाराचं तर सांगायलाच नको. शाळेच्या खरेदीसाठी आलेली तीन कोटेशनं एकाच हाताने लिहिलेली असली तर त्याला लगेच कळतं.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी. हातच्याची वजाबाकी कशी शिकवावी, हे समितीने ठरवू नये. शिकवणाऱ्याची पात्रता कलम २३ प्रमाणे ठरते, आणि तिथे गवंड्याने नाक खुपसायचं कारण नाही.

आपल्या गावची शिक्षणसंस्था शिक्षकांनी काढली की इतरांनी, हे ज्यांना तपासायचं असेल त्यांच्यासाठी : सोसायटी नोंदणी कायदा १८६० प्रमाणे संस्थेला किमान सात जण लागतात, आणि मेमोरँडममध्ये, म्हणजे स्थापनेच्या मूळ दस्तात, पहिल्या कार्यकारिणीचं नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावाच लागतो. जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला, संस्थेचा नोंदणी क्रमांक देऊन प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. परिशिष्ट १, म्हणजे न्यास नोंदवहीचा उतारा, यावर समाधान मानू नका. त्यात बदल अर्जांनी आलेले नंतरचे विश्वस्तही असतात. संस्थापकांचे धंदे सापडतील ते मूळ मेमोरँडममध्येच.